पाय कुठाय गं तुझा?

जेवरचा टोल मागे पडून दहा-बारा मिनिटं झाली असतील. नोव्हेंबरच्या सुरुवातीची सकाळ होती. यमुना एक्सप्रेसवे मोकळा होता आणि आम्ही मथुरा-वृंदावनला निघालो होतो. आई मागे जप करत बसली होती, वडील, म्हणजे आण्णा, माझ्या शेजारी. आण्णांनी एकतीस वर्षं सातारा डेपोला एसटी चालवली. दुसऱ्याच्या गाडीत बसले की ते फक्त रस्त्याकडे बघतात, चालवणाऱ्याकडे बघत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी मान वळवून माझ्या पायांकडे पाहिलं.

"पाय कुठाय गं तुझा?"

उजवा पाय मी मागे ओढून सीटच्या कडेला टेकवला होता. गाडी शंभरनं धावत होती. मी त्यांना स्टेअरिंगवरची बटणं दाखवली. "आण्णा, याला क्रूझ कंट्रोल म्हणतात. एकदा वेग सेट केला की गाडी तो धरून ठेवते. ॲक्सिलरेटरवर पाय लागत नाही."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दोन-तीन पूल गेले, मग म्हणाले, "गाडी वेग धरंल. मधी कुणी आलं तर थांबवायचं कुणी?"

"मीच. ब्रेक दाबला की हे आपोआप सुटतं."

"मग पाय ब्रेकपाशी नको का?"

मी पाय पुढे घेतला. आई-आण्णा महिनाभर माझ्याकडे नोएडात होते, तोवर तो पुढेच राहिला. ते साताऱ्याला परतल्यावर पुन्हा मागे गेला.

ही बटणं मी हौसेखातर घेतली नव्हती. पन्नाशीनंतर उजव्या गुडघ्यानं त्रास द्यायला सुरुवात केली. त्या काळात आग्र्याच्या एका कारखान्याचं काम माझ्याकडे होतं आणि महिन्यातून दोनदा गाडीनं जावं लागे. ऑगस्ट २०१२ मध्ये सुरू झालेला यमुना एक्सप्रेसवे ग्रेटर नोएडा ते आग्रा १६५ किलोमीटर आहे. सगळा काँक्रीटचा, सपाट आणि सरळ. शहरात पाय सतत हलत असतो. इथे मात्र तो एकाच कोनात तासन्‌तास दाबून धरावा लागतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला हे धरून ठेवणंच सोसत नाही. आग्र्याला उतरले की पहिली पाच पावलं मी लंगडत टाकायची. क्रूझ असलेली गाडी घेतल्यापासून ते थांबलं. ज्यांचे गुडघे, घोटे किंवा कंबर दुखते, त्यांना हे सुख काय आहे ते निराळं सांगायला नको.

दुसरा फायदा मला त्याहून मोठा वाटतो. मोकळ्या काँक्रीटवर वेग कळत नाही. शंभरची मर्यादा पाळायचं मनात असूनही काटा एकशे पंधरावर गेलेला असतो, आणि ते लक्षात येतं थेट चलान आल्यावर. क्रूझ लावलं की काटा शंभरावरच राहतो. त्या रस्त्यावर मला पुन्हा चलान आलं नाही. सपाटीवर वेग एकसारखा राहिल्यानं इंधनही थोडं वाचतं. चढावर तसं होत नाही, कारण ठरलेला वेग राखायला यंत्र जास्त इंधन ओतत राहतं.

हे यंत्र कुणी काढलं ते आण्णांना सांगितलं तेव्हा ते खरे चकित झाले. राल्फ टीटर नावाचे एक अमेरिकन इंजिनिअर होते. पाचव्या वर्षी अपघातात त्यांची दृष्टी गेली. सांगतात की, त्यांचा वकील मित्र गाडी चालवताना बोलू लागला की गाडी हळू व्हायची आणि ऐकू लागला की वेग घ्यायची. शेजारी बसून ते हेलकावे खाऊन टीटर वैतागले आणि वेग एकसारखा राखणाऱ्या यंत्राच्या मागे लागले. १९५० मध्ये पेटंट मिळालं, १९५८ मध्ये क्रायस्लरच्या गाड्यांत ते आलं. आण्णा म्हणाले, "बरोबर हाय. गाडी डोळ्यांनी कळायच्या आधी बुडाला कळती." केळघर घाटातून मेढामार्गे महाबळेश्वरची गाडी वर्षानुवर्षं नेलेल्या माणसाला ते लगेच पटलं.

मग लगेच त्यांनी घाटाचं विचारलं. उतारावर हे काय करतं? आमच्या गाडीतलं साधं क्रूझ फक्त इंजिनचं बळ कमी-जास्त करतं, ब्रेक लावत नाही. तीव्र उतारावर गाडी ठरवलेल्या वेगाच्या पुढे जाते. ज्या गेअरमध्ये चढलो त्याच गेअरमध्ये उतरायचं, हा घाटाचा नियम त्यांनी मला सतराव्या वर्षी शिकवला होता. तो या यंत्राला ठाऊक नाही. घाटात ते बंदच ठेवायचं.

आता आई-आण्णा परतल्यानंतरच्या मार्चमधल्या एका संध्याकाळबद्दल.

आग्र्याहून एकटी परत येत होते. सूर्य मावळला होता, पण अजून पुरता अंधार पडला नव्हता. मथुरा मागे पडली होती. क्रूझ शंभरला आणि उजवा पाय मागे. झोप आली नव्हती, फोनही हातात नव्हता. तरीही मागच्या वीसेक किलोमीटरमध्ये काय काय दिसलं हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. डोळे उघडे होते, पण मी तिथे नव्हते.

मधल्या लेनमध्ये एक कँटर ट्रक उभा होता. टायर फुटला असावा. मागचे दिवे बंद, आणि खूण म्हणून मागे रस्त्यावर टाकलेली एक झाडाची फांदी. मला आधी ती फांदी दिसली, आणि ती फांदी आहे हे कळायलाच क्षण गेला. मग पाय ब्रेकच्या शोधात निघाला. सीटच्या कडेपासून तो आधी ॲक्सिलरेटरवर आदळला, तिथून ब्रेकवर आला. शंभरच्या वेगानं गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. पाय सापडायला अर्धा सेकंद लागला म्हटलं तरी १४ मीटर मी ब्रेकशिवाय गेले. उजवी लेन रिकामी होती म्हणून स्टेअरिंग वळवता आलं. माझा डावा आरसा कँटरच्या मागच्या कोपऱ्याला न लागता निघाला. एका हाताचं अंतर असेल. उजव्या लेनमध्ये मागून कुणी येत असतं तर हे लिहायला मी नसते.

पुढे कडेला गाडी घेऊन दिवे चमकवत उभी राहिले. हात थरथरत होते. हेल्पलाइनला फोन करून कँटर कुठे आहे ते सांगितलं. मग आण्णांना फोन लावला, पण त्यांना काहीच सांगितलं नाही. जेवलात का, एवढंच विचारलं.

त्या संध्याकाळचा मी पुष्कळ विचार केला. पाय ॲक्सिलरेटरवर असतो तेव्हा तो नुसता दाबत नसतो. पुढे काही वेगळं दिसलं की मनात शब्द उमटायच्या आधी तो जरासा सैल होतो, ट्रकच्या मागे आला की उचलतो, मोकळं झालं की पुन्हा टेकतो. दर मिनिटाला अशा बारीक हालचाली होतात, आणि त्याच मनाला जागं ठेवतात. क्रूझ पायाला सुटी देतं आणि पायाबरोबर मनही सुटीवर जातं. क्रूझचा खरा तोटा मला हाच वाटतो. बाकीचे तोटे सांभाळता येतात.

यमुना एक्सप्रेसवेच्या सरळपणातच गुंगी आहे. ८ जुलै २०१९ च्या पहाटे लखनौहून दिल्लीला येणारी बस आग्र्याजवळ झरना नाल्यात कोसळली आणि २९ माणसं गेली. चालकाला डुलकी लागली असावी, असं तेव्हा सांगितलं गेलं. त्या बसचा आणि क्रूझचा काही संबंध नाही. पण पायालाही काम उरलं नाही तर अशा रस्त्यावर काय होईल, हे त्या बातमीची आठवण झाली की मला कळतं. माझं सासर नागपूरचं. नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर, मोटारींना १२० ची मर्यादा, आणि मैलोन्‌मैल तेच कुंपण, तेच पूल. हायवे हिप्नोसिस, म्हणजे अशा रस्त्यावर येणारी गुंगी, हा शब्द मराठी घरांत पोचला तो बहुतेक याच रस्त्यामुळे. शंभरऐवजी १२० केले तर थांबायला लागणारं ब्रेकचं अंतर जवळजवळ दीडपट होतं, हेही लक्षात ठेवायला हवं.

धाकट्या दिरांच्या नव्या गाडीत रडारवाली प्रणाली आहे. पुढच्या गाडीपासून ती स्वतः अंतर राखते, ब्रेकही लावते. नोएडा-ग्रेटर नोएडा एक्सप्रेसवेवर मी ती चालवून पाहिली. आमची गाडी अंतर सोडायची, त्या फटीत डावीकडून कुणी घुसायचं, गाडी ब्रेक मारायची, पुन्हा अंतर सोडायची, पुन्हा कुणी घुसायचं. परी चौकापर्यंत मागच्या सीटवरच्या जाऊबाईंना मळमळायला लागलं. हा दोष यंत्राचा नाही. ते जिथे लेन पाळतात अशा रस्त्यांसाठी बनलं आहे. पण त्या गाडीच्या पुस्तिकेतलं एक वाक्य मी दिरांना मोठ्यानं वाचून दाखवलं: रस्त्यात थांबलेलं वाहन ही प्रणाली ओळखेलच असं नाही. म्हणजे माझा तो कँटर त्या गाडीलाही कदाचित दिसला नसता. नीलगाय, उलट्या बाजूनं येणारी मोटरसायकल, उसाची ट्रॉली, या सगळ्यांची जबाबदारी शेवटी ब्रेकवरच्या पायाचीच.

तरीही मी क्रूझ सोडलेलं नाही. गेल्या वर्षी सोहना ते दौसा या नव्या रस्त्यानं जयपूरला गेलो. हा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाला, आणि तिथे दुचाकींना व ट्रॅक्टरना मनाई आहे. सकाळी उजेडात, कोरड्या रस्त्यावर मी ११० ला क्रूझ लावलं. टाच जमिनीवर आणि चवडा ब्रेकसमोर ठेवला. दर पंधरा मिनिटांनी स्वतःच बंद करून दोन-चार किलोमीटर पायानं चालवलं. टोलनंतर 'रिझ्यूम' दाबलं नाही. ते दाबलं की गाडी जुन्या वेगाकडे झेपावते आणि पुढे रांग असली तर घात होतो. जयपूरला उतरले तेव्हा गुडघा शांत होता.

पावसात मी ते लावत नाही. साचलेल्या पाण्यावर चाकं तरंगू लागली तर ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा असतो, आणि त्यावर पायच नसेल तर सोडणार काय? नोएडाच्या शहरी रस्त्यांवर लावत नाही, अंधार पडल्यावर लावत नाही. आणि धुक्यात तर नाहीच. दृश्यता ५० मीटरच्या खाली गेली की हवामान खातं त्याला अति दाट धुकं म्हणतं. शंभरच्या वेगानं ते ५० मीटर दोन सेकंदांच्या आत संपतात. म्हणून अलीकडच्या हिवाळ्यांत १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी यमुना एक्सप्रेसवेवर मोटारींची मर्यादा ७५ वर आणतात. धुक्यात तोही वेग मला फार वाटतो.

मागच्या दिवाळीत साताऱ्याला गेले तेव्हा आण्णांना कँटरची गोष्ट सांगितली. ते रागावले नाहीत. पुढे पाय कुठे ठेवतेस, एवढंच विचारलं, आणि मला खुर्चीवर बसवून दाखवायला लावलं.

तुमच्या गाडीत क्रूझ असेल तर एक करून पाहा. गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून सीटवर बसा आणि शेजारच्याला मध्येच कधीतरी "थांब!" म्हणायला सांगा. एकदा पाय मागे घेऊन आणि एकदा ब्रेकसमोर ठेवून ब्रेक दाबा. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी मुलाला शेजारी बसवून हे केलं. फरक दोघांनाही घड्याळाशिवाय कळला.