काच पुसण्याआधी

गेल्या हिवाळ्यात आमच्या पेलेट स्टोव्हची काच रोज काळी पडू लागली. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्या. इथे अमेरिकेत, व्हरमाँटच्या थंडीत आमचं घर त्यांवरच उबदार राहतं. मी पेलेटना दोष दिला, महागडी पोती आणली. काच काळीच!

पुण्याहून आलेली आई म्हणाली, “चुलीला नीट हवा मिळाली नाही की आमची भांडी अशीच काळी व्हायची. हवेचं बघ.”

तिचंच खरं निघालं. दाराभोवतीची काचतंतूंची दोरी चपटी, कडक झाली होती. तुम्हीही तपासा. स्टोव्ह पूर्ण थंड असताना दारात नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. अलगद निघाली, तर सील गेलं समजा. मग हवा कांड्यांपर्यंत न पोहोचता फटीतून भलतीकडे शिरते. ज्योत मंदावते, काजळी काचेवर बसते.

जुनी दोरी खरवडून काढा. त्याच जाडीची नवी दोरी, उष्णता सोसणाऱ्या गोंदाने, न ताणता बसवा.

काच आईनेच साफ केली, ओल्या वर्तमानपत्रावर स्टोव्हमधलीच बारीक राख घेऊन! पण गरम काचेला पाणी लावू नका, तडकेल.

आणि काजळी म्हणजे अर्धवट जळण. त्यातूनच वास नसलेला, जीवघेणा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शेजारच्याच खोलीत माझी मुलगी झोपते. आता तिथे त्या वायूचा अलार्म आहे. काच काळी दिसली, तर पुसण्याआधी कारण शोधा.