मेलेला गडी उठतो

पेणच्या खारेपाटात भात निघाले की जमीन मोकळी होते, आणि मोकळी जमीन पोरे फार दिवस मोकळी ठेवत नाहीत. जागा सपाट करून, ठोकून खळे करण्याची विद्या गावाकडे पिढ्यान् पिढ्या आहे. कबड्डीच्या मैदानाला तीच विद्या थोड्या फरकाने लागते. माती चाळायची, पाणी मारायचे, रोलर फिरवायचा, वर फक्कीच्या रेषा ओढायच्या. दिवाळी उलटली की वडखळपासून नागोठण्यापर्यंत आणि पुढे कुंडलिकेच्या काठाने रोह्यापर्यंत गावोगाव दिव्यांचे खांब उभे राहू लागतात. या हंगामाची तारीख कोणत्याही कचेरीतून येत नाही, ती भाताकडून येते. पावसात लावणी, हमरापूर-जोह्याकडे गणपतीच्या कारखान्यांतली घाई, मग कापणी, झोडणी, आणि मग कुठे वीस वर्षांखालच्या कुमार गटातल्या मुलांचे हातपाय खेळाला मोकळे होतात. कबड्डीमहर्षी बुवा साळवींचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्र कबड्डी दिन म्हणून पाळतो. त्या दिवशी इकडच्या मैदानांवर चढाई करतात ते बेडूकच!

एवढे जमून आलेल्या या हंगामात एक उणीव आहे, आणि ती खेळाच्या स्वभावाशीच विसंगत आहे. जुन्या काळी हुतूतू खेळण्याच्या तीन तऱ्हा होत्या. गामिनीत बाद झालेला गडी बाहेर गेला की सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजायचे. तिसरी संजीवनी, म्हणजे आपल्या गड्याने समोरचा एक मारला की आपला एक मेलेला उठून आत येतो. विसाव्या शतकात नियम बांधले गेले, त्यांतून आजची कबड्डी पुढे आली, आणि तिने संजीवनी पत्करली. या खेळातली सगळी धडधड तिथे आहे. रेषेबाहेर बसलेला मुलगा गुडघ्यावर हात ठेवून दुसऱ्याच्या चढाईकडे पाहतो, कारण त्याचा जीव त्या दमात अडकलेला असतो. सामना असा संजीवनीचा. पण हे सामने ज्या स्पर्धेत ओवले जातात, ती मात्र निखळ गामिनी. गावोगावच्या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. हरलात, टेम्पोत बसा.

थोडा हिशेब मांडू. ३२ संघांच्या बाद स्पर्धेत ३१ सामने होतात, आणि त्यांतले १६ संघ फक्त एकच सामना खेळून घरी जातात. कुमारांचा पूर्ण सामना म्हणजे वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटे. एका मैदानावर ३१ सामने घ्यायचे तर सव्वातेवीस तास लागतील. मैदाने दोन केली तरी साडेअकरा तासांच्या वर. मग एका रात्रीत उरकायचे तर डावाची मिनिटे कापण्याशिवाय इलाज काय? म्हणजे निम्म्या मुलांच्या वाट्याला एक सामना, आणि तोही तोकडा. आता आठ गावांनी साखळी खेळायचे ठरवले तर काय होते ते पाहा. प्रत्येकाशी एकदा खेळायचे तर २८ सामने. शनिवारी संध्याकाळी चार सामने ठेवले तर सात शनिवारांत साखळी पुरी. सहाला सुरुवात केली तर रात्री दहाला भोंगा बंद करायच्या आत चौथाही सामना आटोपतो. आणि सर्वांत दुबळ्या गावाच्या मुलालाही पुरे सात सामने मिळतात.

यावर जाणकार म्हणतील की हरलेला संघ काही मरत नाही, पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावात तो पुन्हा उतरतोच. खरे आहे. डिसेंबर ते मे अशा दहा स्पर्धा झाल्या की दहा सामने होतात, म्हणजे न लिहिलेली साखळी आहेच की! हा आक्षेप वजनदार आहे, आणि त्याला नुसत्या आकड्यांनी उत्तर देता येत नाही. पण समोर कोण येणार हे तिथे चिठ्ठी ठरवते. डाव्या कोपऱ्यावरच्या बचावपटूने घोट्यात धरून पाडलेल्या चढाईपटूला काय हवे असते? त्याच डाव्या कोपऱ्यासमोर पुन्हा उभे राहायचे असते, मधल्या महिन्यांत पायाची फेक बदलून पाहिल्यावर. तो कोपरा पुन्हा भेटेल याची हमी चिठ्ठी देत नाही, दर हंगामाचे वेळापत्रक देते. शिवाय मिळालेले गुण त्या रात्रीच्या कागदावर राहतात. कोणत्या मुलाने हंगामभर किती पकडी केल्या याचा जमाखर्च कुठेच लागत नाही, आणि निवड चाचणीच्या दिवशी तो जसा खेळला, तेवढाच तो.

दुसरा आक्षेप गर्दीचा. लोकांना अंतिम सामना हवा, चषक हवा, ‘पब्लिक हिरो’ म्हणून कोणाला तरी सायकल मिळालेली हवी. सातव्या शनिवारच्या सामन्याला कोण येणार? पण प्रो कबड्डीने, २०१४ पासून, हाच प्रेक्षक साखळीला बसवून दाखवला आहे. तिथे २०२४ च्या हंगामापर्यंत सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघालाही तक्त्यात एक गुण मिळत असे. त्यामुळे पंधराने मागे पडलेला संघही शेवटच्या चढाईपर्यंत झगडत असे, आणि लोक खुर्ची सोडत नसत. बारावीच्या परीक्षेचे म्हणाल तर ती फेब्रुवारी-मार्चात. चार शनिवार आधी, तीन नंतर. राहिला मॅट की माती हा वाद. राष्ट्रीय पातळी मॅटची आहे हे मान्य, पण मॅट येईपर्यंत सामने थांबवणे म्हणजे मोटार येईल म्हणून चालणेच सोडण्यासारखे.

सर्वांत परके उदाहरण कदाचित सर्वांत जवळचे ठरेल. कॅनडातल्या ओंटारिओत बर्फावरच्या हॉकीची ज्युनिअर लीग चालते. मुले साधारण सोळा ते वीस वयाची, म्हणजे आपल्या कुमारांच्याच वयाची. संघ पीटरबरो, किचनर, सडबरी अशा गावांच्या नावाचे. प्रत्येक संघ नेहमीच्या हंगामात ६८ सामने खेळतो. तिथला हंगामही मूळचा जमिनीनेच दिलेला. तळी गोठायची, म्हणून खेळ हिवाळ्याचा झाला. अर्थात सगळेच उचलावे असे तिथे नाही. पैसा अफाट आहे, आणि सोळाव्या वर्षी घर सोडून परक्या कुटुंबात राहणारी, बसमध्ये रात्री काढणारी मुले पाहिली की ६८ हा आकडा थोडा क्रूरही वाटतो. आपल्याला त्यातला दशांश पुरे. आणि इथे घर सोडायला नको. पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा, एकाच रुळावरची स्टेशने; सामना खेळून मुलगा रात्री आईच्या हातचे जेवू शकतो.

खर्च कोण करणार, हा शेवटचा प्रश्न, आणि त्याचे पुरे उत्तर या लेखात नाही. एवढे मात्र दिसते की आठही गावे आपापली स्पर्धा भरवतात तेव्हा मैदान, दिवे, पंच आणि वडापाव यांचा खर्च आजही करतातच. नवीन लागेल ती हंगामभराच्या गुणांची एक वही, आणि ती आठही गावांनी खरी मानण्याइतका समंजसपणा. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महाग आहे, कारण पंचाच्या शिट्टीवरून तुटलेली बोलणी इकडे लग्नसराईपर्यंत जुळत नाहीत.

जूनची पहिली सर आली की फक्की विरघळते आणि मैदान पुन्हा चिखल होते. मुले लावणीला जातात, कारखान्यात जातात. अशी वही कुठे ठेवली गेली, तर जुलैच्या त्या कबड्डी दिनी गणपतीच्या सोंडेवर पॉलिशपेपर फिरवणाऱ्या मुलाला माहीत असेल की डिसेंबरचा तिसरा शनिवार त्या डाव्या कोपऱ्याचा आहे.