निळ्या आभाळाखालचा पूर

ॲरिझोनातल्या पेज गावाजवळ लोअर अँटिलोप कॅन्यनच्या काठावर उभं राहिलं, तरी खाली काही असेल असं वाटत नाही. लालसर खडक आणि त्यात एक चीर, बस्स. त्या चिरेत लोखंडी जिन्यांनी उतरायचं. जागा नवाहो लोकांची. त्यांच्या गाईडशिवाय आत सोडत नाहीत. पाठीवरची पिशवीही वरच ठेवायला लावतात. ते का, हे खाली अंग चोरून, आडवं होऊन सरकताना कळतं.

भिंतीला हात लावला की बोटांना बारीक वाळू लागते. वळणं मात्र कुंभाराने ओल्या मातीवर हात फिरवावा तशी. ऊन थेट पडतं ते वरच्या कडेवर. तिथून ते या भिंतीवरून त्या भिंतीवर परावर्तित होत खाली झिरपतं. वर पिवळं, मध्ये केशरी, तळाशी जांभळट. चार पावलं पुढे गेलं की तीच भिंत वेगळी दिसते.

आमच्या गाईडबाईंनी टॉर्च वर धरला. डोक्याच्या बऱ्याच वर, दोन भिंतींच्या बेचक्यात काटक्या-मुळ्यांचा गुंता अडकला होता. "पाणी तिथवर येतं," त्या म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

१२ ऑगस्ट १९९७ रोजी याच घळीत अकरा पर्यटक बुडाले. घळीवर तेव्हा नावापुरताच पाऊस होता. वादळ कोसळलं ते कित्येक मैल वरच्या अंगाला. वाळवंटात पाणी मुरून जाईल असं आपल्याला वाटतं. पण इथे बरीचशी जमीन म्हणजे उघडा खडक, माती थोडी, झाडझाडोरा विरळ. दूरदूरच्या उतारांवरचं पाणी गोळा होऊन या चिरेत घुसतं आणि पसरायला जागा नसल्यामुळे पातळी बघता बघता चढते. तेव्हाच्या लाकडी शिड्या वाहून गेल्या. आता जिने खडकात बोल्ट ठोकून बसवलेत आणि वर हवामानावर सतत लक्ष ठेवलं जातं.

सांदण दरीत पावसाळ्यात उतरायचं नाही, हे आपल्याकडच्या ट्रेकर मंडळींना पक्कं ठाऊक असतं. इथेही जुलै ते सप्टेंबर वादळांचे दिवस, पण दुपारचा ढग कुठे फुटेल याचा नेम नाही आणि घळीतून दिसतं ते आभाळ वीतभर.

मुलाच्या मनात दुसऱ्या दिवशी यूटातलं बकस्किन गल्च होतं. ती घळ वीस किलोमीटरहून लांब, मधून वर निघायच्या वाटा जवळजवळ नाहीत. सोबत गाईड नसतो, सावध करायला वर कुणी नसतं. झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल कॅन्यनमध्ये सप्टेंबर २०१५ मध्ये सात जण अशाच पुरात गेले.

संध्याकाळी त्याने फोनवर रडार उघडलं. पेजवर एकही ढग नव्हता. ठिपके होते ते उत्तरेच्या पठारावर.

"आई, हे किती लांब आहे बघ ना."

"लांब आहे, पण तिथलं पाणी कुठे उतरतं ते बघ."

तो बराच वेळ नकाशा सरकवत बसला. सकाळी आम्ही ग्लेन कॅन्यन धरण पाहायला गेलो. बकस्किनकडे पाऊस झालाच नाही, असं मागाहून कळलं तेव्हा तो जरा खट्टू झाला. मला काही वाटलं नाही. असा अंदाज चुकला तर सहलीतला एक दिवस जातो. उलटा चुकला तर त्या घळीत वर चढायला वाट सापडत नाही.