रेणुकेचे दोन डोंगर

माझे घर लातूरचे आणि सौभाग्यवतीचे माहेर नांदेडचे. त्यामुळे पुण्याच्या आमच्या बिऱ्हाडात कसलाही वाद निघाला, तरी शेवटी तो दोन जिल्ह्यांवर येऊन ठेपतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो डोंगरांवरून निघाला.

“तुमच्या लातुरात डोंगर आहे तरी कुठं? नुसता पोळपाट!” ही म्हणाली.

“का? खरोसा आहे की!”

“ती टेकडी. डोंगर म्हणजे आमचा माहूर.”

वादाचा निकाल पायांनीच लावायचे ठरले. दोन्ही ठिकाणी डोंगरावर रेणुकामाता आहे हे कळताच आमच्या मातोश्रींनी “मीही येणार” असे जाहीर केले. वय वर्षे चौऱ्याहत्तर, आणि गुडघे त्याहूनही दोन वर्षांनी वडील असावेत. पण कुलदेवतेचे नाव निघाल्यावर त्यांना नाही कोण म्हणणार?

आधी माहूर. नांदेडहून सुमारे १३० किलोमीटर. किनवट-माहूरकडचा हा मुलूख मराठवाड्यातला वाटतच नाही. सागाची राने, एकामागून एक डोंगर आणि जवळून वळसा घेत जाणारी पैनगंगा! येथे शिखरे तीन : रेणुकेचे, दत्ताचे आणि अनसूयेचे. शिवाय शेजारी किल्ला. त्याच्या तटाकडे पाहिले की रायबागन आठवते. माहूरची ही देशमुखीण सावित्रीबाई मोगलांच्या बाजूने लढत असे. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडले, तेव्हा खानाला शरण जाण्याचा सल्ला हिनेच दिला, असे सांगतात. डोंगराशी हुज्जत घालू नये, हे माहूरच्या बाईला कळले. लातूरच्या बुवाला ते पुढे चार दिवसांनी कळायचे होते.

रेणुकेच्या पायऱ्या दोनशेच्या वर. खालून पाहिल्यावर मलाच धडकी भरली. पण आईसाहेब सकाळी सातला निघाल्या, त्या दर वीस पायऱ्यांवर टेकत, दुकानांतल्या हळदीकुंकवाचे भाव विचारत, पाऊण तासात वर! वाटेत अनोळखी बायांनी हात दिला, कुणी “आजी, पाणी घ्या” म्हटले. अकोल्याकडच्या एका म्हातारीशी तर आईची गुडघ्यांवरून मैत्रीच जमली. वर देवीचा तो भव्य शेंदरी मुखवटा आणि प्रसादाला कुटलेला विडा. तो तोंडात टाकून आई म्हणाली, “दमले नाही रे फारशी.”

मंदिरामागच्या परशुरामाजवळ बसून तिने नातवंडांना गोष्ट सांगितली. सहस्रार्जुनाने जमदग्नींना मारले. परशुरामाने कावडीच्या एका पारड्यात वडिलांचा देह घेतला, दुसऱ्यात आईला बसवले आणि कोरी भूमी शोधत तो माहुरी आला. इथे रेणुका सती गेली. तो शोक करू लागला, तेव्हा आकाशवाणी झाली : तुझी आई जमिनीतून वर येईल, पण मागे वळून पाहू नकोस. त्याला धीर धरवला नाही. त्याने वळून पाहिले आणि आईचे मुखच तेवढे वर आले.

चार दिवसांनी खरोसा. लातूरपासून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास, औसा तालुक्यात. सपाट शेतांतून एकाएकी वर आलेली जांभ्या दगडाची ही टेकडी. तिच्या कडेला सहाव्या शतकातली म्हणून मानलेली लेणी आहेत. नरसिंह, शिवपार्वती, कार्तिकेय, रावण आणि बसलेला बुद्धही! जांभा खडबडीत, त्यामुळे शिल्पांची नाकेडोळे झिजून गेली आहेत. पण थोडा वेळ उभे राहिले की सावलीतून एकेक आकृती पुढे येते. जेम्स बर्जेसने १८७८ च्या आपल्या अहवालात या लेण्यांची नोंद घेतली आहे. मुंबई-पुण्याची मंडळी मात्र अजून त्या वाटेला फारशी जात नाहीत.

“अर्ध्या तासाचं तर काम!” म्हणून मी भरपेट जेवून दुपारी दोनला सर्वांना बाहेर काढले. पाण्याच्या बाटल्या गाडीतच राहिल्या. ऑक्टोबरचे ऊन. वाटेवर झाड विरळ, पायाखाली सुटा मुरूम आणि सोबतीला दुसरे कुणी नाही. मुलांबरोबर मी झपाझप वर गेलो, देवीला हात जोडले आणि घड्याळ पाहिले. बावीस मिनिटे! “ही कसली चढण?” असे म्हणत वळलो, तर आई नाही, ही नाही.

दोघी अर्ध्या वाटेवर एका लेण्याच्या तोंडाशी होत्या. आई भिंतीला टेकलेली, चेहरा पांढराफटक. ही पदराने वारा घालत होती. आईला घेरी आली होती. मी खाली धावत जाऊन पाणी आणले. हिने पर्समधल्या साखरेच्या पुडीतली चिमूट-चिमूट त्यात घालून ते आईला पाजले. पंधरा मिनिटे कुणी काही बोलले नाही. मग आईच हसून म्हणाली, “परशुरामानं वळून पाहिलं, म्हणून त्याची आई अर्धीच वर आली. तू पाहिलंच नाहीस, म्हणून तुझी अर्ध्यातच राहिली.”

मला कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी इतके लागले नसते.

वाचकांपैकी कुणाला दोन्ही ठिकाणी जायचे असेल, तर माझा अनुभव एवढाच सांगतो. उंचीत माहूर भारी, यात शंका नाही. पण चढण फुटांत मोजू नये. पायाखाली पायरी आहे की मुरूम, सावली किती, पाणी कोणाजवळ, वेळ कोणती आणि हात द्यायला माणूस आहे का, हे आधी पाहावे. मोठ्या डोंगराला आपण भितो, म्हणून तो सांभाळून घेतो. लहान टेकडीला हसतो आणि तिथेच चुकतो.

दोन दिवसांनी आईच हटून बसली : “देवीच्या दारातून परत आले, तशी पुण्याला जायची नाही.” पहाटे पाचला लातूर सोडले. या वेळी आई पुढे आणि मी पाण्याची बाटली घेऊन मागे. चाळीस मिनिटे लागली. वर गार वारा होता आणि खाली औशाच्या रानावर ऊन नुकते उतरत होते.

“काय मग, टेकडी की डोंगर?” हिने हळूच विचारले.

“डोंगर,” मी म्हणालो. लातूरच्या बाजूने आजवर मिळवलेला हा माझा एकमेव विजय. आणि तो मी सध्या कुणाला फारसा सांगत नाही.