स्लॅबातले चार हूक

आमच्या लोखंडी कपाटाच्या तळाशी लाल कापडी बांधणीची एक वही आहे. पहिल्या पानावर मधोमध 'श्री', त्याखाली 'घर बांधकाम खर्च, सन 1987' आणि खाली अप्पांचं टपोरं, जरासं उजवीकडं कललेलं अक्षर. वीट, वाळू, खडी, सिमेंट, सळी, गवंडी, सुतार, बिगारी, प्रत्येकाला वेगळं पान. दर शनिवारी पगारवाटप झालं की त्या त्या पानावर बेरीज. अगदी शेवटच्या पानावर मथळा आहे: 'सोपा, अंगण, परडं'. त्याच्यापुढं आकडा नाही. पेन्सिलीनं दोनच शब्द लिहिलेत, 'होईल तसं'.

या 'होईल तसं'च्या पानावर आम्ही लहानाचे मोठे झालो. आम्ही म्हणजे माझी भावंडं तर आहेतच, पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत कोल्हापूरच्या पेठांतून बाहेर पडून नव्या कॉलन्यांत राहायला गेलेल्या घरांतली सगळीच पोरं. नगरपालिकेची महापालिका झाली ती 15 डिसेंबर 1972 ला. त्याच्या दहा वर्षं आधी, 1962 मध्ये, सागरमाळावर शिवाजी विद्यापीठ उभं राहिलं होतं. राजारामपुरीच्या गल्ल्या भरत आल्या होत्या आणि शहर कळंबा, फुलेवाडी, जवाहरनगर अशा दिशांनी शेतांत शिरत होतं. कालपरवापर्यंत जिथं ऊस होता तिथं चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉटला नंबर आले. नोकरदार माणूस दोन गुंठ्यांचं स्वप्न बघायला लागला. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, हा हिशेब तेव्हा कॉलनीतल्या प्रत्येक पोराला पाढ्यासारखा पाठ होता.

आम्ही मूळचे मंगळवार पेठेतले. वाड्याच्या वाटण्या झाल्या तेव्हा आमच्याकडं दोन खोल्या आणि अर्धा सोपा आला. सोप्याच्या मधोमध पत्र्याचा आडोसा लागला. पलीकडं चुलत्यांकडं पाहुणे आले की अलीकडं आम्हांला त्यांचं हसणं ऐकू यायचं. त्या पत्र्याकडं बघून आज्जी गप्प व्हायची. अप्पांनी कळंब्याच्या रस्त्याला प्लॉट घेतला, त्याला जागेची अडचण हे कारण होतंच. पण आईला अजून वाटतं, खरं कारण तो पत्रा होता.

पैसा उभा करायची तऱ्हा सगळ्यांची सारखीच. प्रॉव्हिडंट फंडातून उचल, नोकरीतल्या सोसायटीचं कर्ज, दोन भिश्या, गावाकडच्या उसाच्या बिलातून थोरल्या काकांनी दिलेला हात, आणि शेवटी घरातल्या बाईचं सोनं. आईनं पाटल्या आणि बिलवर काढून दिले. साज तेवढा ठेवला. "साज अंगावर असू द्या, बाकीचं परत करता येतंय," असं आज्जीच तिला म्हणाली. वहीच्या दुसऱ्या पानावर 'जमा' या रकान्यात पाटल्यांची नोंद आहे आणि तिच्यासमोर अप्पांनी लिहिलंय, 'सोडवायच्या'. पाच वर्षांनी त्याच शब्दावर तांबड्या शाईची बरोबरची खूण आलीय.

थोरल्या काकांनी 1979 ला घर बांधलं तेव्हा सिमेंट परवान्यावर मिळायचं. पोती मिळतील तसं बांधकाम चालायचं आणि नाही मिळाली की भिंत कमरेएवढी होऊन थांबायची. 1982 मध्ये नियंत्रण अर्धवट उठलं, 1 मार्च 1989 ला पूर्ण उठलं. आमचं घर या दोन तारखांच्या मधलं. सिमेंट मिळत होतं, पण पोत्यापोत्याचा हिशेब ठेवायची सवय काकांच्या घरावरून अप्पांना लागली होती. रिकाम्या पोत्यांचीसुद्धा वहीत नोंद आहे.

नकाशा काढायला बसले तेव्हा घरात तीन मागण्या आल्या.

पहिली आज्जीची. इंजिनिअरनं पैसे वाचावेत म्हणून सोपा काढून टाकला होता आणि दार थेट हॉलमध्ये उघडलं होतं. आज्जीला कागद वाचता येत नव्हता. तिनं बोटानं चौकोन चाचपत विचारलं, "ह्यात आल्यागेल्यानं बसायचं कुठं?" अप्पा म्हणाले, "आत, हॉलमधी." आज्जी म्हणाली, "दूधवाला, भाजीवाली, वाट चुकलेला माणूस, सगळ्यास्नी आत घेणार हाईस? घर बांधायलास का पेटी?" दुसऱ्या दिवशी नकाशात सोपा आला. त्यासाठी हॉल तीन फुटांनी लहान झाला.

दुसरी मागणी आईची. "मला टाइल्स नकोत, शोकेस नको. मागं ऊन पडतं तिथं दहा बाय बाराचा कोबा तेवढा करून द्या. वर्षाची चटणी वाळवायची कुठं?" ज्यानं कोल्हापुरात एप्रिल काढलाय त्याला ही मागणी समजावून सांगावी लागत नाही. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची पसरायची, मग कुरडया, सांडगे, पापड. पेठेत या कामाला दुसऱ्याच्या माडीवर जावं लागे आणि त्यांच्या सोयीनं उतरावं लागे. आईला स्वतःचं ऊन हवं होतं.

तिसरी मागणी अप्पांची. ती त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही, पण आम्हांला ठाऊक होती. त्यांना सोप्यात झोपाळा हवा होता.

मग ते बांधकामाचे आठ महिने. आम्ही शाळेतून थेट प्लॉटवर जायचो, कारण भिंतींना पाणी मारायचं काम आमचं. नळ नव्हता, बॅरल होतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, डबड्यानं पाणी घेऊन ओल्या विटांवर फेकायचं. तापलेल्या विटेवर पाणी पडलं की आधी चर्र आवाज यायचा आणि मग तो वास. पंचगंगाकाठच्या भट्टीतल्या विटेचा तो वास आजही कुठल्या बांधकामावरून जाताना आला की पाय थबकतो. एका ब्रासमध्ये वाळू किती, मालात सिमेंटला वाळू किती घ्यायची, हे आम्ही गवंड्याच्या हाताखाली शिकलो. त्या भिंतीत आमचं पाणी आहे, म्हणून ती आमची आहे, असं आम्ही भावंडं आजही मानतो.

स्लॅबच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट मला जशीच्या तशी आठवते. सेंट्रिंगच्या फळ्या मारून झाल्या होत्या, सळ्यांची जाळी बांधून झाली होती. पैसे इतके संपत आले होते, की दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी अप्पांनी मित्राकडून हातउसने आणले होते. मिस्त्री सोप्याच्या जाळीवर उभा राहून खाली बघत म्हणाला, "अप्पा, झोपाळ्याचं काय ठरलं? टांगायचा असंल तर हूक आत्ताच टाकाय पायजेत. एकदा माल पडला की मग छिन्नी मारून काय उपेग न्हाई."

अप्पा थोडा वेळ बोलले नाहीत. झोपाळ्याला फळी नव्हती, कड्या नव्हत्या आणि पुढची काही वर्षं त्या येतील अशी चिन्हंही नव्हती. मग त्यांनी सायकल काढली आणि मला पुढच्या दांडीवर बसवलं. आम्ही उद्यमनगरात गेलो. तिथं त्यांच्या ओळखीच्या एका कारखान्यात रात्रपाळी चालू होती. भट्टीचा तांबडा उजेड, लेथचा घरघराट आणि ऑइलचा वास. तिथल्या कारागिरानं जाड सळीचे चार तुकडे कापले, तापवले, ऐरणीवर धरून वाकवले आणि पाण्यात बुडवले. पाणी फसफसलं. पैसे घ्यायला तो तयार होईना. "झोपाळा टांगला की चहाला बोलवा," एवढंच म्हणाला. रात्री दहाला मिस्त्रीनं बॅटरीच्या उजेडात ते चारही हूक जाळीत अडकवले आणि तारेनं घट्ट बांधले. दुसऱ्या दिवशी स्लॅब पडला. संध्याकाळी गवंडी-बिगाऱ्यांची पंगत त्याच सोप्याखाली, सेंट्रिंगच्या बल्ल्यांमधून वाट काढत बसली. स्लॅबवर आळी करून पाणी तुंबवलं तेव्हा आम्ही त्यात कागदी होड्या सोडल्या.

1988 च्या दिवाळीआधी वास्तुशांत झाली. गिलावा आतूनच झाला होता, बाहेरच्या विटा उघड्या होत्या. कॉलनीतली निम्मी घरं तशीच होती, त्यामुळं कुणाला कमीपणा वाटला नाही. सोपा मोकळा, अंगणात वाळूचा उरलेला ढीग आणि छताला चार रिकामे हूक. त्या वर्षी आईनं एका हुकाला आकाशकंदील लावला. पुढं एकाला चिमण्यांच्या पाण्याची करवंटी आली आणि एकाला केळ्यांचा घड.

बाहेरची बैठक उरल्यासुरल्यातनंच सजत गेली. उरलेल्या विटा आणि शहाबादी फरशीचे तुकडे यांचा दाराशेजारी कट्टा झाला. सेंट्रिंगची एक फळी मिस्त्रीनं मागं ठेवली होती, तिचा बाक झाला. ओट्याच्या कडाप्प्याचा तुटका कोपरा पाणी ठेवायला तिवईवर बसला. शेवटच्या अर्ध्या पोत्यात तुळशीवृंदावन उठलं. पेठेतून बाजलं आलं आणि आज्जीचं घोंगडं आलं. तेलाच्या डब्यांत कढीपत्ता आणि गवती चहा, शेजाऱ्यांकडच्या फांदीची जास्वंद, कुणाच्या तरी बागेतला जुईचा वेल. विकत असं काहीच आलं नाही. खुर्च्या तेवढ्या दोन घेतल्या, लोखंडी, घडीच्या. कॉलनीत कुणाकडं कार्य निघालं की त्या तिकडं जायच्या. ओळखू याव्यात म्हणून अप्पांनी त्यांच्या पाठीवर रंगानं आडनाव लिहिलं होतं.

आणि पहिल्याच पावसाळ्यात सोप्याची किंमत कळली. 1989 चा पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 फुटांवर धोका, हे कोल्हापुरात लहान मूलही सांगतं. शुक्रवार पेठेत नदीच्या अंगाला राहणारी आत्या पोराबाळांसह, शेजाऱ्यांसह आमच्याकडं आली. आतल्या खोल्या बायकांना आणि लहानग्यांना दिल्या. बाकी सगळे सोप्यात. घोंगडं, बाजलं, फळीचा बाक, सगळं भरलं. अंगणात चूल मांडून वर ताडपत्री बांधली. ताडपत्रीची दोरी बांधायला सोप्यातला हूकच कामी आला. चार रात्री अकरा माणसं त्या सोप्यात झोपली. पाणी ओसरल्यावर आत्या निघाली तेव्हा आज्जीनं कट्ट्यावर हात ठेवून अप्पांकडं बघितलं. बोलली काही नाही. अप्पांनी मान हलवली.

झोपाळा लागला 1992 मध्ये. वाड्याचा मोठा दरवाजा उतरवायची वेळ आली तेव्हा चुलत्यांनी त्यातली एक सागवानी फळी स्वतः हातगाडीवर घालून आणून दिली. पत्र्याच्या आडोशानंतर इतक्या वर्षांनी दोघं भाऊ त्या दिवशी एका ताटात जेवले. कड्या उद्यमनगरातून त्याच कारागिराकडनं आल्या आणि ठरल्याप्रमाणं चहाला पहिलं बोलावणं त्याला गेलं. फळी टांगली, अप्पा बसले, जमिनीला पाय टेकवून हलकासा झोका घेतला. कडी कुरकुरली. इतकी वर्षं झोपाळ्याविना राहिलेले हूक तसूभर हलले नाहीत. त्या रात्री वहीच्या शेवटच्या पानावर 'होईल तसं'च्या खाली अप्पांनी लिहिलं, 'झोपाळा झाला.'

त्यानंतरचं आमचं सगळं आयुष्य त्या सोप्यात घडलं. लाईट गेली की कॉलनी कट्ट्यावर यायची. दहावीचे निकाल, बहिणीच्या लग्नाची बोलणी, आज्जीचं शेवटचं आजारपण, सगळं झोपाळ्याभोवती. हॉलमध्ये पुढं सोफा आला, टीव्ही आला, पण घरी आलेला माणूस आधी बाहेर टेकायचा आणि बऱ्याचदा तिथूनच परत जायचा. आईच्या कोब्यावर दर एप्रिलला मिरची पडायची आणि आता चार घरच्या बायका तिच्याकडं ऊन मागायला यायच्या. तिनं कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

आज आमची मुलं घर घेताना माझ्यासमोर तक्ता मांडतात. हप्ता, व्याज, मुद्रांक, मॉड्युलर किचन, पडदे, एसी, सगळे रकाने भरलेले. बाल्कनीच्या रकान्यात शेवटी उरेल ते, आणि पुढं ती बंद करून खोलीत घेण्याचा खर्च. मी त्यांना वही दाखवतो. अप्पांकडंही पैसे नव्हते, त्यांच्याही शेवटच्या पानावर आकडा नव्हता. पण पैसे नाहीत म्हणून त्यांनी जागा सोडून दिली नाही. आज्जीच्या शब्दाखातर हॉल लहान केला, आईचं ऊन मोकळं ठेवलं आणि फळी नसताना हूक टाकले.

म्हणून नवं घर मांडणाऱ्या प्रत्येकाला माझं हात जोडून सांगणं आहे. वेताच्या खुर्च्या, कुंड्या, झोपाळा हे दोन वर्षांनी आणा, पाच वर्षांनी आणा, उरल्यासुरल्यातून करा, काही बिघडत नाही. पण आल्यागेल्यानं टेकायची चार फूट जागा आणि घरातल्या बाईला लागणारं ऊन हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सामान मागाहून येतं. हूक मात्र स्लॅब पडायच्या आधीच टाकावे लागतात.