रंगपटातल्या उजेडासाठी लेन्स

दशावताराचे फोटो काढायचे तर फ्लॅश विसरावा लागतो. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू होतात आणि रात्री उशिरा उभं राहिलेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. युद्धाच्या प्रवेशात गिरक्या घेणाऱ्या नटाच्या डोळ्यांवर झगझगाट पडला तर त्याचा तोल जाऊ शकतो. एका ज्येष्ठ नटाने पहिल्याच भेटीत मला सांगितलं होतं, “फोटो काढ, पण लाइट मारू नको रे, डोळे दिपतत.” तेव्हा आहे त्या उजेडात भागेल अशी लेन्स शोधणं आलं.

माझा कॅमेरा २०१४ सालचा सोनी अल्फा ६०००. लहानसा असल्यामुळे तो कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण त्याची १६-५० मिमीची किट लेन्स ५० ला गेली की अपर्चर एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. ट्यूबलाइटखाली आयएसओ ६४०० वर न्यावा लागे आणि नटाच्या भुवईवरची बारीक काजळरेषा फोटोतल्या दाण्यांत हरवून जाई. एफ १.४ ची लेन्स ५.६ च्या सोळापट उजेड आत घेते. म्हणजे त्याच शटरला आयएसओ ४०० पुरतो. एवढं गणित सोपं होतं. कोणत्या फोकल लेंग्थची घ्यायची, हे मात्र काही केल्या ठरेना.

दुकानात विचारलं की ५० मिमीचं नाव पुढे येई. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, त्यावर ५० ची लेन्स ७५ सारखी दिसते. रंगपट म्हणजे बहुतेक वेळा देवळामागची एक खोली. तिथे नट आपापल्या पेटाऱ्यापुढे मांडी घालून बसलेले असतात, एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने रंग लावणं चाललेलं. तिथे मागे सरकायला जागा कुठली? ५० ने नुसता चेहरा मिळतो. आरसा धरलेला हात, शेजारी ठेवलेला मुकुट, मांडीवरचं लुगडं हे सगळं बाहेर राहतं.

मग मी जुने फोटो काढून बसलो. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंग्थ नोंदलेली असते. रंगपटातले मला आवडलेले फोटो बहुतेक २४ ते ३५ मधले निघाले, रंगमंचावरचे ५० चे. दोन्ही एका प्राइम, म्हणजे झूम नसलेल्या, लेन्समध्ये बसणार नव्हते. मी रंगपट निवडला. मिशी काढलेला, उन्हाने रापलेला शेतकरी तासाभरात राणी होऊन उठतो, ते मला मंचावरच्या युद्धापेक्षा मोठं वाटतं, आणि त्याचे फोटो फार थोडे निघतात.

आता उरल्या दोन. सोनीची ३५ मिमी एफ १.८, वजन सुमारे १५५ ग्रॅम, हाताची थरथर सावरणारी यंत्रणा आतच. सिग्माची ३० मिमी एफ १.४, २६५ ग्रॅम, तशी यंत्रणा नाही. माझ्या कॅमेऱ्यातही ती नाही. पण ती यंत्रणा माझा हात सावरते, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर फार वेगाचं ठेवलं तर एक फोटो उजळ आणि पुढचा मंद येतो. म्हणून मी १/१०० वर थांबतो. तेवढ्यात माझा हात ३० मिमीला स्थिर राहतो. मग वजन सोसून उजेड घेतला, सिग्मा घेतली.

एफ १.४ वर एक मीटरवरच्या चेहऱ्यात जेमतेम सहा सेंटिमीटर खोलीच नीट फोकसमध्ये राहते. डोळा धरला तर कानातला दागिना विरघळतो. आरसा आणि चेहरा दोन्ही हवे असले की मी एफ २.८ वर जातो, आयएसओ वाढू देतो. दाणे थोडे आले तरी चालतील, पण त्या दागिन्यांसाठी नटाने केलेली मेहनत दिसली पाहिजे.

माझ्यासारखं काम नसेल, घरातली माणसं, सण, देवळाचा गाभारा असं शांत काही टिपायचं असेल, तर ३५ घ्या. हलकी आहे, हात सावरते. आणि कोणतीही घेण्याआधी किट लेन्स त्या आकड्यावर ठेवून एक संध्याकाळ झूमला हात न लावता फोटो काढून पाहा.