साहेबांची दाढी

मे २०२१ चा पहिला आठवडा. करोनाची दुसरी लाट ऐन जोरात, रस्ते ओस पडलेले, रमजान चालू. अशा दिवसांतल्या एका रात्री जमाल कमाल खान नावाचे गृहस्थ बेगमेला सोबत घेऊन पोलीस ठाण्यांचे उंबरे झिजवत होते. हिंजवडी, वाकड, पिंपरी. दाढी खोटी, डोक्यावरचे केस खोटे, सांगायच्या तक्रारी घरूनच ठरवून आणलेल्या आणि बेगमही खोटीच. गृहस्थ होते पिंपरी-चिंचवडचे तेव्हाचे पोलीस आयुक्त कृष्ण प्रकाश आणि बेगम होत्या सहायक आयुक्त प्रेरणा कट्टे. दारात आलेल्या साध्या माणसाला आपले लोक कसे वागवतात, ते बघायला साहेब स्वतःच निघाले होते.

बातमी फुटली तेव्हा लोक मनापासून हसले. चितेच्या रांगांच्या बातम्या वाचून सुन्न झालेल्यांना हसायला काहीतरी हवंच होतं. त्यात नाव जमाल कमाल! सिनेमाच्या लेखकाला सुचलं असतं तर निर्मात्यानं ‘फारच होतंय’ म्हणून खोडलं असतं.

मला मात्र ही बातमी वाचताना आठवला आमच्या गावी सुगीला येणारा बहुरूपी. रायरंद म्हणायचे त्याला. हा बहुतेक वेळा पोलीसच होऊन यायचा. अंगात खाकी शर्ट, त्याची दोन बटणं नाहीत. कमरेला पट्टा, हातात काठी, बगलेत कसलीशी जुनी वही. ओसरीवर पाय ठेवला की वही उघडायची आणि आजीच्या नावाचं वॉरंट निघायचं. का, तर तिच्या मांजरीनं पाटलाची साय खाल्ली. मग कुठल्या तरी लग्नाचं आवतण, अशक्य पक्वान्नांची यादी, सगळं यमकात आणि एका दमात. आजी पदर तोंडाला लावून हसायची नि सुपातून ज्वारी घालायची. खरा हवालदार गावात आला तर तीच आजी आत जाऊन बसायची, हेही आम्ही बघितलेलं. बहुरूप्याच्या खाकीला हसून लोक खऱ्या खाकीची भीती थोडी काढून टाकत असावेत. पिढ्यान्‌पिढ्या बहुरूपी पोलीस होत आले. हिंजवडीच्या ठाण्यात त्या रात्री पोलीस बहुरूपी झाला. हिशेब असा उलटा फिटलेला मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

वेषांतर केलेल्या सरकारी माणसाची गंमत हॉलिवूडनं भरपूर करून घेतली. ‘मिस कन्जिनिअ‍ॅलिटी’त (२०००) एफबीआयची रांगडी एजंट सौंदर्यस्पर्धेत घुसते. त्याच वर्षीच्या ‘बिग मॉमाज हाउस’मध्ये तसलाच एजंट लठ्ठ आजीबाई होतो. ‘व्हाइट चिक्स’मध्ये (२००४) दोघे कृष्णवर्णीय भाऊ-एजंट गोऱ्या श्रीमंत पोरी होऊन वावरतात. हसू येतं ते मेकअपला नव्हे, मेकअपखालच्या शरीराला. कपडे बदलतात, चाल बदलत नाही. उंच टाचांवर पोलिसाचा पाय पडतो आणि सगळं उघडं पडायची वेळ येते. कृष्ण प्रकाश तर ‘आयर्नमॅन’ शर्यत पुरी केलेले गडी. दाढी चिकटवता येते. पण वर्षानुवर्षं सॅल्यूट घेऊन ताठ झालेली पाठ ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर वाकवायची कशी? मास्कची तेवढी सोय होती. त्या दिवसांत सगळं जगच अर्धा चेहरा झाकून फिरत होतं.

आपल्या मराठी सिनेमात हा सरकारी हेर जवळजवळ नाहीच. आपला माणूस सोंग घेतो ते देशासाठी नाही, खोलीसाठी किंवा लग्नासाठी. ‘धुमधडाका’त (१९८५) अशोक सराफ श्रीमंत बाप होतो, कारण मित्राचं लग्न जमवायचंय आणि समोर शरद तळवलकरांचा धनाजी वाकडे आहे. ‘अशी ही बनवाबनवी’त (१९८८) सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे लुगडं-साडी नेसतात, कारण पुण्यात एकट्या पोरांना कुणी जागा देत नाही. त्याच्याही आधी अत्र्यांनी ‘मोरूची मावशी’ उभी केली ती ब्रँडन टॉमसच्या ‘चार्लीज आँट’वरून, मूळ नाटक इंग्रजी, पण विजय चव्हाणांना मावशी म्हणून पाहिल्यावर ते कुणाला खरं वाटेल? या सगळ्या सोंगांच्या मुळाशी गरज आहे, कामगिरी नाही. मला विचाराल तर आपला विनोद म्हणूनच जास्त खोल जातो. एफबीआयच्या एजंटाचं बिंग फुटलं तर फार तर केस हातची जाते. आपल्या पोरांचं फुटलं तर सामान रस्त्यावर येतं.

आणि हे जुनं झालंय असं समजू नका. हिंजवडीतल्याच राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या तीन फेजमध्ये दिवसाला काही लाख माणसं ये-जा करतात म्हणे. त्यांतल्या एकट्या पोरांना सोसायट्यांमध्ये अजूनही ‘फक्त फॅमिली’ हेच उत्तर मिळतं. मग कुणी चुलतभावाला सख्खा भाऊ करतो, कुणी घरमालक यायच्या दिवशी आईला गावाहून बोलावून घेतो. रात्रपाळीत परदेशी ग्राहकांशी बोलणारी नांदेड-लातूरची पोरं वर्षानुवर्षं इंग्रजी नावं लावून गोऱ्यांच्या उच्चारात बोलत आली. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, आणि ओळख तेवढी सोयीपुरती. इथल्या मूळ गावकऱ्यांना याचं नवल नसावं. चैत्रात म्हातोबाचं बगाड निघतं तेव्हा एरवी लॅपटॉपची पिशवी पाठीला लावून फिरणारा इथला पोरगाही डोक्याला फेटा गुंडाळून गुलालात उभा असतो. त्यातलं सोंग कोणतं, हे त्याचं त्यानं ठरवावं.

जमालमियांच्या गोष्टीत सिनेमाला न परवडणारी एक अडचण आहे. हिंजवडी आणि वाकडच्या ठाण्यांत त्यांना नीट वागवलं गेलं. ऐकून घेतलं, दखल घेतली. झालं! प्रसंग फुकट गेला. कुठलाही दिग्दर्शक हिंजवडीचा तो प्रवेश कापून टाकील, कारण आपलं काम करणाऱ्या पोलिसाला हसायचं कसं? बातम्यांनीही तेच केलं. हिंजवडीला अर्धी ओळ आणि बाकी मजकूर पिंपरीला. पिंपरीत तक्रार होती रुग्णवाहिकेची. रुग्णाला न्यायला भलतेच पैसे मागतात. उत्तर मिळालं, आमचा याच्याशी काही संबंध नाही. त्या दिवसांत रुग्णवाहिकांचे दर प्रशासनानं ठरवून दिलेले होते आणि माणसं दागिने मोडून भाडं भरत होती. ज्यांनी हे उत्तर बिनदाढीचं असताना ऐकलं असेल, ते त्या बातमीला हसले नसतील.

सिनेमात इथेच विग उतरतो. ठाणेदाराचा चेहरा पडतो, थेटरात शिट्ट्या. खऱ्या जमालला विग उतरवता येत नाही. दाढी खरी असलेला, बायको खरी असलेला, रुग्ण खरा असलेला माणूस त्याच टेबलासमोरून उठून चालू लागतो. आयुक्तांनी सोंग निवडताना नेमका हाच माणूस निवडला, यात मला त्यांची खरी नजर दिसते. ठाण्यात आपलं ऐकतील का, अशी धाकधूक ज्याला सगळ्यात जास्त, त्याच्या कपड्यांत शिरून पाहिल्याशिवाय ठाणं कळत नाही. चांदोबातल्या गोष्टींतले राजे रात्री घोंगडी पांघरून नगरात फिरायचे ते याचसाठी.

पण राजाला घोंगडी शोभते, ज्याची ती रोजची आहे त्याला ती महागात पडते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत आली होती. ही मुलं पळवणारी टोळी, सोंग घेऊन आलेली, असं समजून जमावानं त्यांना ठेचून मारलं. त्यांनी कुठलंही सोंग घेतलेलं नव्हतं. आमच्या रायरंदाच्या पुढच्या पिढीतलं कुणी खाकी घालून दारोदार जायला धजावत नसेल, तर त्याला नुसता टीव्ही जबाबदार नाही.

आयुक्तांची एप्रिल २०२२ मध्ये बदली झाली. नवे साहेब येतात, जातात, आणि प्रत्येकाला दाढी लावायची हौस असतेच असं नाही. तेव्हा आपल्यावर वेळ आलीच तर एवढं ध्यानात ठेवा: दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणं पोलिसांना बंधनकारक आहे, हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी. आणि नोंदवलेल्या खबरीची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. ती मागून घेतल्याशिवाय उठू नका.